यवतमाळ जिल्ह्यातील बालसंगोपन सेवा आणि कौटुंबिक उत्पन्न

यवतमाळ जिल्ह्यातील बालसंगोपन सेवा म्हणजे सहा वर्षांखालील बालकांची दिवसाची देखभाल, पोषण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांसाठी महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यात असलेली सार्वजनिक, खासगी आणि कौटुंबिक व्यवस्था होय. अंगणवाडी हा या व्यवस्थेचा सर्वांत व्यापक घटक आहे. अंगणवाडीची सेवा मोफत असून तिच्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही. तरीही बालकाला प्रत्यक्षात मिळणारी देखभाल कुटुंबाच्या उत्पन्नानुसार बदलते. उत्पन्नाचा परिणाम येथे शुल्कापेक्षा वेळेच्या रूपाने अधिक दिसतो. पालकांच्या कामाचे तास, कामाचे ठिकाण, बाळंतपणानंतर घरी राहण्याची मुभा आणि हंगामी स्थलांतर या गोष्टी उत्पन्नाच्या स्रोतावर अवलंबून असतात. मोफत सेवेचा लाभ बालकाला कितपत घेता येतो, हे त्यांवरूनच ठरते.

पार्श्वभूमी

यवतमाळ हा विदर्भातील अमरावती विभागाचा जिल्हा असून त्यात १६ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती आणि तिचा सुमारे चार-पंचमांश भाग ग्रामीण होता. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील प्रमुख पिके आहेत. बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने उत्पन्न वर्षभर समान राहत नाही. वणी परिसरातील कोळसा खाणी, कापसाचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि शासकीय नोकऱ्या हे रोजगाराचे अन्य स्रोत आहेत.

जिल्ह्यात गोंड, कोलाम, आंध आणि परधान या आदिवासी जमातींची तसेच बंजारा समाजाची मोठी वस्ती आहे. कोलामांची वस्ती ‘पोड’, तर बंजारा समाजाची वस्ती ‘तांडा’ या नावाने ओळखली जाते. पोड आणि तांडे अनेकदा मूळ गावापासून अंतरावर असतात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये पांढरकवडा आणि पुसद येथे आहेत.

शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशभर चर्चेत आला. केंद्र शासनाने २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर शेती, मजुरी आणि मुलांचे संगोपन या तिन्ही जबाबदाऱ्या एकाच स्त्रीवर येतात. त्यामुळे बालसंगोपनाच्या प्रश्नाला या जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे.

सेवांचे स्वरूप

अंगणवाडी

‘अंगणवाडी’ ही कल्पना महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यातून रुजली. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम करताना, मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा मार्ग त्यांनी अवलंबला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवण्याचा प्रयोगही याच विचारातून झाला. मुलाची अनुपस्थिती ही कुटुंबाच्या आर्थिक स्थितीशी जोडलेली असते, याची जाणीव या प्रयोगांमागे होती.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक पोषण आहार, पूर्वशालेय अनौपचारिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा या सहा सेवा तिच्याद्वारे दिल्या जातात. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना घरी नेण्यासाठी शिधा, तर तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांना केंद्रातच गरम ताजा आहार दिला जातो. केंद्राचे काम अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनावर पाहतात.

पाळणाघर

पाळणाघर ही दिवसभराच्या देखभालीची सेवा आहे. केंद्र शासनाची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना या नावाने राबवण्यात आली. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या २५ बालकांसाठी एक पाळणाघर, दररोज साडेसात तास आणि महिन्यातून २६ दिवस सेवा, असे तिचे स्वरूप होते. या योजनेत शुल्क उत्पन्नानुसार ठरवलेले होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना प्रतिबालक मासिक २० रुपये, आई-वडिलांचे एकत्रित मासिक उत्पन्न १२,००० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांना १०० रुपये आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांना २०० रुपये असे दर होते. २०२२ मध्ये ही योजना ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पाळणा’ या नावाने पुनर्रचित झाली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना स्वीकारण्यात आली. देशभरात अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

खासगी नर्सरी

यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, दारव्हा, उमरखेड यांसारख्या शहरांत खासगी नर्सरी आणि केजीचे वर्ग चालतात. विदर्भात बोलीभाषेत त्यांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हटले जाते. तेथे शिक्षणशुल्काखेरीज गणवेश, पुस्तके आणि वाहनाचा खर्च येतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. ज्या गावाजवळ अशी शाळाच नाही, तेथील कुटुंबाला या तरतुदीचा उपयोग होत नाही.

कौटुंबिक देखभाल

आजी, मोठी भावंडे, जाऊ किंवा शेजारीण यांनी मूल सांभाळणे ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वत्र आढळणारी पद्धत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबात आजीही मजुरीला जात असल्यास घरी सांभाळणारे प्रौढ माणूस उरत नाही.

पात्रता

अंगणवाडी सर्व बालकांसाठी खुली असणे हे न्यायालयीन आदेशांमुळे पक्के झाले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या २००१ मध्ये दाखल झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सेवा प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचे निर्देश दिले. लाभार्थी ठरवताना दारिद्र्यरेषेचा निकष लावू नये, असे न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले. डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क प्राप्त झाला. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांच्या मोफत आहाराला कायद्याचा आधार दिला.

यामुळे कागदोपत्री यवतमाळमधील शेतमजुराचे आणि प्राध्यापकाचे मूल एकाच अंगणवाडीसाठी समान पात्र आहे. उत्पन्नाचा प्रभाव या टप्प्यानंतर सुरू होतो.

उत्पन्नाचा प्रत्यक्ष उपलब्धतेवरील परिणाम

कामाचे तास

अंगणवाडीचे कामकाज दिवसातील काही तासांपुरते असते, तर शेतमजुरीचा दिवस सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतो. कामावर येण्या-जाण्याचा वेळ त्यात वेगळा धरावा लागतो. आई घरून निघते तेव्हा अंगणवाडी उघडलेली नसते आणि आई परतण्यापूर्वी कित्येक तास ती बंद झालेली असते. मूल नेऊन सोडण्यासाठी आणि परत आणण्यासाठी दुसरी व्यक्ती घरात नसेल, तर मोफत अंगणवाडीचा लाभही अपूर्ण राहतो. ज्या घरातील एक पालक घरी राहू शकतो, त्याच घराला अर्ध्या दिवसाची सेवा पूर्णपणे वापरता येते. म्हणजेच सेवेची सर्वाधिक गरज असलेल्या कुटुंबाला ती वापरणे सर्वांत अवघड जाते.

मजुरीची पद्धत

कापूस वेचणीची मजुरी प्रामुख्याने वेचलेल्या कापसाच्या वजनावर, किलोमागे ठरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी वेचणी अनेक फेऱ्यांत पुढे काही महिने चालते आणि हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. अशा कामात मुलाला पाजण्यासाठी, भरवण्यासाठी किंवा निजवण्यासाठी दिलेला प्रत्येक तास थेट त्या दिवसाच्या कमाईतून वजा होतो. मासिक वेतन घेणाऱ्या नोकरदाराच्या बाबतीत तसे होत नाही. निंदणी आणि सोंगणीच्या हंगामात रोजाने किंवा गुत्त्याने काम चालते. गुत्त्याच्या कामात संपूर्ण टोळी एकत्र काम करते, त्यामुळे लहान मुलाच्या आईला टोळीत सामावून घेणे इतरांनाही परवडत नाही.

अंतर आणि वस्तीचा आकार

नियमानुसार ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० लोकसंख्येमागे एक मिनी अंगणवाडी असते. आदिवासी भागात ही मर्यादा शिथिल असून ३०० लोकसंख्येला अंगणवाडी आणि १५० लोकसंख्येला मिनी अंगणवाडी देता येते. लहान पोड या मर्यादेतही बसत नाहीत. तेथील बालकांना दुसऱ्या वस्तीतील केंद्रात जावे लागते. पावसाळ्यात नाला ओलांडून तीन वर्षांच्या मुलाने रोज जाणे शक्य नसते आणि त्याला नेणारे मोठे माणूस त्याच वेळी शेतावर असते. वाहन असलेल्या कुटुंबाला हेच अंतर अडवत नाही. कोलाम ही विशेषतः असुरक्षित आदिवासी जमात म्हणून नोंदलेली असल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानाच्या कक्षेत ती येते. या अभियानात छोट्या वस्त्यांवर अंगणवाडी केंद्रे देण्याची तरतूद आहे.

पर्यायाची उपलब्धता

डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यातील अंगणवाडी सेविका व मदतनीस मानधनवाढ आणि इतर मागण्यांसाठी संपावर होत्या. अशा खंडाचा परिणाम सर्व कुटुंबांवर सारखा होत नाही. खासगी नर्सरीत जाणाऱ्या मुलाचा दिनक्रम चालू राहतो, तर अंगणवाडीवर अवलंबून असलेल्या घराला पोषण आहार, शिक्षण आणि देखभाल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी गमवाव्या लागतात. करोना साथीच्या काळात २०२० मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या तेव्हा शिधा घरपोच देण्यात आला, परंतु दिवसाच्या देखभालीला पर्याय नव्हता.

तीन वर्षांखालील बालके

उत्पन्नानुसार पडणारी सर्वांत मोठी तफावत तीन वर्षांखालील वयोगटात आढळते. अंगणवाडीत या वयाच्या बालकाला शिधा, लसीकरण आणि वजनमापन मिळते, परंतु रोज थांबण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ते आणि कुपोषणाचा धोका सर्वाधिक असतो ते वय हेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के बालके कमी वजनाची होती. लहान बाळाला दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवावे लागते. घरात शिधा आहे, पण भरवणारे माणूस नाही, अशा स्थितीत शिध्याचा पुरेसा उपयोग होत नाही.

बाळंतपणानंतरच्या काळातील फरकही लक्षणीय आहे. प्रसूती लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ नुसार संघटित क्षेत्रातील पात्र स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही मंजूर आहे. असंघटित क्षेत्रातील स्त्रीसाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी तिच्यात एकूण ५,००० रुपये मिळतात. रोजगार हमीच्या २०२४-२५ मधील महाराष्ट्रातील दराने, म्हणजे दिवसाला २९७ रुपये धरल्यास, ही रक्कम सुमारे १७ दिवसांच्या मजुरीएवढी होते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे, हा वैद्यकीय सल्ला दोन्ही मातांना सारखाच दिला जातो. तो पाळण्याची आर्थिक क्षमता मात्र सारखी नसते.

आदिवासी क्षेत्रात राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्यात येतो. पुढे बालकांसाठी अंडी किंवा केळी यांचा समावेश करण्यात आला. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव आदी तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रातील गावे या प्रकारच्या योजनांच्या कक्षेत येतात.

कामाच्या ठिकाणच्या तरतुदी

कामाच्या ठिकाणी पाळणाघर देण्याचे कायदे जुने आहेत. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये ३० पेक्षा अधिक स्त्रिया काम करत असलेल्या कारखान्यात पाळणाघराची सक्ती होती. खाणींसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र पाळणाघर नियम करण्यात आले. इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ ने ५० पेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या बांधकामांवर, तर प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत ही सोय बंधनकारक केली. २०२० मध्ये संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० कर्मचाऱ्यांची मर्यादा कायम आहे.

या सर्व तरतुदी एका मालकाकडे मोठ्या संख्येने काम करणाऱ्यांसाठी आहेत. यवतमाळमधील बहुसंख्य कष्टकरी स्त्रिया मात्र आठ-दहा जणींच्या टोळीने, आज एकाच्या तर उद्या दुसऱ्याच्या शेतात काम करतात. या संख्येच्या अटीत त्या बसत नाहीत. बहुतेक शेतमालकही अल्प किंवा मध्यम भूधारक असल्याने त्यांच्याकडून स्वतंत्र सोय होणे व्यवहार्य नसते.

रोजगार हमीच्या कामांबाबत परिस्थिती वेगळी राहिली. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये ज्या २०० जिल्ह्यांत प्रथम लागू झाला, त्यांत यवतमाळ होता. कामावर येणाऱ्या स्त्रियांसोबत पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांच्यापैकी एका स्त्रीला मुले सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, अशी तरतूद त्या कायद्यात होती. मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र काम आहे, हे तत्त्व यातून मान्य झाले. खासगी शेतातील कामाला मात्र ते लागू नव्हते.

हंगामी स्थलांतर

पुसद, उमरखेड, महागाव आदी तालुक्यांतील तांडे व गावांतून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा बांधकामाच्या कामासाठी बाहेर जातात. ऊसतोडणीत पती-पत्नीची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल जोडीने फेडायची असते. त्यामुळे आईला मुलासाठी मागे राहता येत नाही. मूल सोबत गेल्यास त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत राहते आणि ते स्वतः फडावरील कोपीत असते. मूल आजी-आजोबांकडे राहिल्यास अंगणवाडी सुटत नाही, परंतु आई-वडिलांपासून ते काही महिने दूर राहते. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२१-२२ मध्ये स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी प्रणाली सुरू केली. मुक्कामाच्या ठिकाणच्या अंगणवाडीतून सेवा मिळावी, हा तिचा उद्देश आहे.

परिणाम

सोय नसलेल्या कुटुंबासमोर साधारणतः तीन मार्ग असतात. पहिला, मुलाला शेतात नेऊन झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवणे. ऊन, साप-विंचू, उघड्या विहिरी आणि फवारणीची औषधे हे त्यातील धोके आहेत. २०१७ च्या खरीप हंगामात जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले होते. दुसरा मार्ग म्हणजे मूल मोठ्या भावंडाकडे, बहुधा बहिणीकडे सोपवणे. वेचणीचा आणि निंदणीचा हंगाम शाळेच्या सत्रातच येत असल्याने त्या मुलीची शाळा बुडते. तिसरा मार्ग म्हणजे आईने मजुरी सोडणे. त्यामुळे घरातील एक कमाई थांबते आणि कर्जाची गरज वाढते. पहिल्या मार्गात बालकाचे आरोग्य, दुसऱ्यात मुलीचे शिक्षण आणि तिसऱ्यात कुटुंबाचे उत्पन्न पणाला लागते.

सुस्थितीतील कुटुंबाचा अनुभव याहून वेगळा असतो. पगारी रजा, घरकामाला बाई, नर्सरी आणि शाळेची व्हॅन यांमुळे त्यांचे मूल पहिलीत येईपर्यंत अक्षरे, अंक आणि वर्गाची शिस्त यांच्याशी परिचित झालेले असते. दोन्ही मुले पुढे एकाच इयत्तेत बसली तरी त्यांच्या तयारीत सुरुवातीपासूनच अंतर असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते सहा वर्षे हा टप्पा औपचारिक शिक्षणाच्या आराखड्यात आणला, तो हे अंतर कमी करण्याच्या हेतूने.

अन्यत्र झालेले प्रयोग

दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था सुरू केली. बांधकाम जिथे, तिथे पाळणाघर, असे तिचे सूत्र होते. छत्तीसगडमधील बिलासपूर भागात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने तीन वर्षांखालील आदिवासी बालकांसाठी गावोगावी ‘फुलवारी’ केंद्रे चालवली. तेथे गावातील स्त्रियाच मुलांची दिवसभर देखभाल करतात. कर्नाटकाने २०२३ मध्ये ग्रामपंचायत स्तरावर रोजगार हमीच्या मजूर मातांच्या मुलांसाठी ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे सुरू केली. कॅनडातील क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर इतक्या समान, अल्प दराची बालसंगोपन सेवा आणली. त्यानंतर लहान मुलांच्या मातांचे रोजगारातील प्रमाण वाढल्याचे आढळले.

या प्रयोगांचे मार्ग भिन्न असले तरी सेवेचे तास आणि ठिकाण पालकांच्या कामाशी जुळवणे, हे त्यांतील समान सूत्र आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात सेवा मोफत आहे. मात्र कापसाच्या शेतात आईचा दिवस जितका लांब, तितका वेळ तीन वर्षांखालील बालकाला सांभाळणारी जागा तिच्या वस्तीत असणे, ही त्या सेवेतील अद्याप अपुरी बाजू आहे.